स्पा-फ्रँकोर्शांची शर्यत सर्किटवर जाऊन पाहायची असेल तर

बेल्जियममधील स्पा-फ्रँकोर्शां हे फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचे सर्किट टीव्हीवर सपाट भासते, पण आर्देनच्या जंगलातून जाणाऱ्या या ७.००४ किलोमीटरच्या फेरीत सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागांमध्ये सुमारे १०० मीटरचा फरक आहे. त्यामुळे जागा निवडताना वळणांपेक्षा चढ-उतारांकडे पाहावे. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने ठरावीक आसन नसलेले तिकीट काढून शुक्रवारच्या सरावाच्या वेळी जमेल तितके सर्किट पायी फिरावे आणि रविवारी कुठे थांबायचे ते त्यानंतरच ठरवावे.

या फेरफटक्यात रेदियोंच्या चढाजवळ भरपूर वेळ काढावा. ला सूर्स हे चिंचोळे वळण घेऊन गाड्या वेगाने उताराला लागतात, तळाशी ओ रूज नावाच्या ओढ्यापाशी डावीकडे झुकतात आणि लगेच उजवीकडे वळून चढाला भिडतात. त्या क्षणी गाडीचा तळ रस्त्याला घासून ठिणग्या उडतात. माथ्यापलीकडचा रस्ता चालकाला दिसत नाही. या चढाला सरसकट ‘ओ रूज’ म्हटले जाते, पण ते नाव तळाच्या वळणाचे, चढ रेदियोंचा.

ओव्हरटेक पाहायचे असेल, तर केमेल सरळमार्गाच्या शेवटी ले कोंब वळणापाशी थांबावे. इथेच २००० साली ४४ पैकी ४१व्या फेरीत आघाडीवरचा चालक शूमाकर एक फेरी मागे पडलेल्या झोंटाला एका बाजूने ओलांडत असताना त्याचा प्रतिस्पर्धी हॅकिनेनने दुसऱ्या बाजूने दोघांनाही मागे टाकले. २००९ मध्ये फोर्स इंडिया संघाचा चालक फिसिकेलाने पोल, म्हणजे शर्यत सुरू होतानाची पहिली जागा, मिळवली होती. सेफ्टी कार (धोका असताना सर्व गाड्यांचा वेग रोखून पुढे चालणारी गाडी) बाजूला होताच दुसरा चालक रायकोनेनने याच सरळमार्गावर त्याला गाठले. तरीही फिसिकेला एका सेकंदाहून कमी अंतराने दुसरा आला आणि भारतीय झेंड्याखाली धावणाऱ्या त्या संघाला पहिले गुण मिळाले. आपल्यापैकी अनेकांसाठी तेवढे एक कारणही इथे येऊन उभे राहायला पुरेसे आहे.

पाऊस गृहीतच धरावा. सर्किट एवढे लांब आहे की एका टोकाला सर कोसळत असताना दुसरे टोक कोरडे असू शकते. गवताळ उतारावर छत्रीने मागच्यांची दृष्टी अडते, म्हणून रेनकोट, चिखलात न घसरणारे बूट, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि पुरेसे खाणे बरोबर असावे. २०२१ साली प्रेक्षक कित्येक तास भिजत थांबले, सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि निम्मे गुण देऊन शर्यत संपवण्यात आली. गर्दी नको असेल, तर १९२४ पासूनची चोवीस तासांची शर्यत निवडावी. रात्री जंगलातून सरकत येणारे हेडलाइटचे झोत फॉर्म्युला वनमध्ये पाहायला मिळत नाहीत.

परतण्याआधी एक दिवस जुन्या मार्गासाठी राखावा. १९७८ पर्यंत सुमारे १४ किलोमीटरची फेरी माल्मेदी आणि स्टाव्हलोच्या बाजूने सार्वजनिक रस्त्यांवरून जात असे आणि त्यातल्या मास्ता भागातून आजही साधी वाहने जातात. रस्त्याच्या कडेची घरे पाहिली की त्या काळचा धोका लगेच उमगतो. १९६६ मध्ये पावसात चालक जॅकी स्टुअर्टची गाडी इथेच रस्ता सोडून गेली आणि इंधनाने भिजलेला स्टुअर्ट आत अडकून पडला. शेवटी ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या त्याच शर्यतीतल्या इतर चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग सोडवून त्याला बाहेर काढले.