घरी हॉट सॉस करताय? या चुका टाळा, आणि आधी लोणच्याचा हात आवरा

मराठवाड्यात थंडी पडली की बाजारात ओल्या लाल मिरच्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी रंजका होतो. आमच्या आजीचा रंजका वर्षभर टिकायचा. मिरच्या, लसूण, लिंबाचा रस, आणि मीठ मुठीने. त्याच भरवशावर मी एका एप्रिलात आंबवलेला हॉट सॉस घातला. बरणी घट्ट लावून गॅलरीत उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी झाकण फिरवलं तर लाल फवारा थेट छताला! त्या डागावर दोनदा रंग मारलाय, पावसाळ्यात तो अजून उमटतो.

लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, तेल आणि कोरडेपणा यांच्या जोरावर. आंबवलेला सॉस टिकतो आंबटपणावर. मिरचीच्या सालीवर मुळातच असणारे जीवाणू तिच्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. आपण फक्त त्यांना काम करू द्यायचं. त्यामुळे लोणच्याच्या निम्म्या सवयी इथे उलट्या पडतात.

अंदाजाचं मीठ

सगळ्यात जास्त बरण्या इथेच बिघडतात. मीठ कमी पडलं की मिरच्या सडतात. लोणच्याइतकं घातलं तर जीवाणूही गप्प बसतात; महिना उलटला तरी मिरच्या फक्त खारट, आंबट नाहीत. चमच्यानेही मोजू नका, कारण चमचाभर खडेमीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं. काटा काढा. मिरच्या आणि पाणी यांच्या एकूण वजनाच्या 3 टक्के मीठ घ्या. म्हणजे अर्धा किलो मिरच्या, अर्धा लिटर पाणी, तर 30 ग्रॅम. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून पूर्ण गार करून वापरा.

मिरच्या सगळ्या पिकलेल्या लाल घ्या. अर्धवट हिरव्या मिसळल्या की सॉसचा रंग मातकट येतो, मग कितीही बेडगी घाला, सुधारत नाही. नुसत्या सुक्या मिरच्या तर नीट आंबतच नाहीत. बेडगी हवीच असेल तर रंगापुरती, बाकी ओल्या.

वर तरंगणाऱ्या मिरच्या

लोणच्याला पाण्याचा थेंब चालत नाही. इथे मिरच्या पाण्याखालीच हव्यात. वर डोकावणाऱ्या तुकड्यावर बुरशी हमखास धरते. मी एका छोट्या पिशवीत तेच मिठाचं पाणी भरून ती वर दाबून ठेवते. साधं पाणी भरू नका, पिशवी गळली तर आतलं मीठ पातळ होईल.

बरणी उन्हात नको, ओट्याच्या कोपऱ्यात सावलीत. वर चार बोटं जागा सोडा आणि पहिला आठवडा रोज झाकण सैल करून बरणीला ढेकर देऊ द्या. थंडीत दोन-तीन आठवडे लागतात. मे महिन्यात पाच-सात दिवसांत मिरच्या आंबतात, पण लिबलिबीत होतात आणि चवही उथळ लागते. म्हणून हा उद्योग मी आता जानेवारीतच करते.

पाण्यावर पांढरी, सपाट, सायीसारखी पातळ पापडी आली तर घाबरू नका. ते यीस्ट असतं, चमच्याने काढून टाका. पण लव आली असेल, किंवा हिरवा, काळा, गुलाबी रंग दिसला तर पूर्ण बरणी फेकायची. वरचं काढून खालचं वापरायचा मोह आवरा. मिरच्या महाग असतात हे मलाही माहीत आहे.

व्हिनेगरची घाई

पहिल्याच दिवशी व्हिनेगर ओतलं की आंबणं जवळजवळ थांबतं. अमेरिकेत लुइझियानातल्या एव्हरी बेटावर टॅबॅस्को हा हॉट सॉस होतो, तिथेही मिरचीचा मिठातला लगदा आधी ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरतो, व्हिनेगर त्यानंतर. आपणही आंबलेल्या मिरच्या वाटतानाच व्हिनेगर घालायचं, अर्धा किलो मिरच्यांना 100 ते 150 मिली. बरणीतलं पाणी फेकू नका, पातळ करायला तेच वापरा.

यानंतर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप बघा; आकडा जितका कमी तितका सॉस आंबट. कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, पण सॉसमध्ये बुडवल्या तर पट्टीच लाल होते. म्हणून थोडा सॉस गाळून वरच्या निवळीत बुडवा. 4.6 ही धोक्याची रेषा, त्याच्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. घरच्या पट्टीचा भरवसा किती धरायचा, म्हणून मी 3.8 च्या खाली आल्याशिवाय बाटली भरत नाही. जास्त आला तर आणखी व्हिनेगर.

आणि वरून तेलाचा थर देऊ नका. तेलाखाली हवा पोचत नाही. सॉसमध्ये लसूण घातला असेल आणि सॉस पुरेसा आंबट नसेल तर तेलात बुडलेला कच्चा लसूण हे त्या जंतूंचं आवडतं घर. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट.

मिक्सर, गॅस आणि डोळे

शिजवायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात. ॲल्युमिनियम आणि पितळेला आंबट सोसत नाही. खिडकी उघडी, पंखा चालू, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. गरम सॉस मिक्सरमध्ये फिरवून झाकण उघडलंत की असा खकाणा उठतो की शेजारच्या काकूसुद्धा विचारायला येतात. गार करून वाटा.

हातमोजे घालाच. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं पाणी लावून आग फक्त पसरते. आधी हाताला तेल चोळा, मग साबण. तोंड भाजलं तर दूध किंवा दही. तिखटपणा कमी हवा असेल तर बिया वेचत बसू नका. खरा जाळ आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, बियांना तो फक्त लागलेला असतो.

सॉस फारच जहाल झाला तर वाफवलेलं गाजर वाटून घाला, मात्र पीएच पुन्हा तपासा. गाजर, गूळ, साखर असलं काही गोड घातलं की बाटलीत पुन्हा आंबायला लागतं. अशा सॉसला दहा मिनिटं उकळी द्या आणि गार झाल्यावर फ्रीजमध्येच ठेवा. चार दिवसांनी बाटलीत पाणी वेगळं दिसलं तर तो खराब झालेला नाही, हलवून घ्या. फारच खटकत असेल तर अर्धा लिटरला एक ग्रॅम झँथन गम (सॉस दाट करणारी पूड) मिक्सर चालू असताना भुरभुरवा. एकदम टाकलात तर गुठळ्या होतात.

सॉस गाळून घेतलात तर उरलेला चोथा फेकू नका. ताटात पातळ पसरून दोन कडक उन्हं दाखवा आणि कडकडीत झाला की मिठाबरोबर फिरवा. आमच्याकडे पेरूवर तेच असतं.