गाण्यातली बाई कोण घडवतं, ते असं पाहा

मी भाचीसोबत करते तसंच करा. आधी मोबाइल पालथा ठेवून गाणं नुसतं ऐका. मग आवाज बंद करून पाहा आणि कागदावर रेघा मारा: कॅमेरा चेहऱ्यावर किती वेळा, कमरेवर किती वेळा. कमरेच्या रेघा वाढत गेल्या तशी भाची गप्प झाली.

मग ब्रँड शोधा. २०१०च्या ‘दबंग’ सिनेमातल्या ‘मुन्नी बदनाम हुई’ गाण्यातली मुन्नी स्वतःला झंडू बाम म्हणवते. हा बाम बनवणाऱ्या इमामी कंपनीने आधी सिनेमाच्या निर्मात्यांना नोटीस धाडली, नंतर मुन्नी म्हणून नाचलेल्या मलायका अरोरालाच जाहिरातीत घेतलं. हरकत होती ती विनापरवानगी नाव वापरल्याची. बाईची बामाची डबी झाली, याची नव्हे. मला हेच खुपतं. २०१२ला ‘दबंग २’मधल्या गाण्यात फेविकॉल आलं.

आणि कागदाच्या डोक्यावर गायिकेचं नाव लिहा. दोन्ही गाण्यांत ममता शर्मा.