हिरोने दुसऱ्याची फेरारी ठोकली, आता मत कसं द्यायचं

कोणी हिरोने भारी गाडी ठोकल्याचा व्हिडिओ आला की इंदूरात त्यावर निकाल लागायला वेळ लागत नाही. पोह्यावर जिरावन (आपला इंदुरी मसाला) पडायच्या आत चार जणांची चार मतं तयार. एक म्हणतो पब्लिसिटी स्टंट आहे भिया, दुसरा म्हणतो इन्शुरन्स देईल ना त्याला काय फरक पडतो, तिसरा गाडीसाठी हळहळतो (आत बसलेल्या माणसासाठी नाही हं, गाडीसाठी), आणि चौथा, जो स्वतःची ऍक्टिवा अजून दोन्ही पाय जमिनीला घासून थांबवतो, तो म्हणतो आपण असतो तर आरामात काढली असती. चौघांचंही थोडं थोडं चुकतं आणि थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू की असा व्हिडिओ समोर आला तर काय काय बघायचं आणि मग तोंड उघडायचं.

नमुन्याला 2007 ची केस घेऊ, कारण या प्रकारातली ती सगळ्यात गाजलेली आहे. एडी ग्रिफिन नावाचा अमेरिकन कॉमेडियन आणि ऍक्टर, फिल्मचं नाव ‘रेडलाइन’, गाड्यांच्या रेसिंगवरच होती. प्रमोशनसाठी कॅलिफोर्नियात अर्विंडेल स्पीडवेला चॅरिटी रेस ठेवलेली, 26 मार्चला तिची प्रॅक्टिस चालू होती, आणि साहेबांनी लाल फेरारी एन्झो काँक्रीटच्या भिंतीला नेऊन भिडवली. गाडी त्याची नव्हती, फिल्मचा प्रोड्युसर डॅनियल सादेक याची स्वतःची. किंमत तेव्हा 15 लाख डॉलर सांगितली गेली, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण साडेसहा कोटी रुपये. ग्रिफिनला काही झालं नाही, चालत बाहेर आला आणि नंतर कॅमेऱ्यासमोर स्वतःच्याच ड्रायव्हिंगची टर उडवली.

सगळ्यात आधी बघायचं की व्हिडिओ किंवा फोटो नेमका कुठल्या ऍक्सिडेंटचा आहे. हे बालवाडीतलं वाटतं पण अर्धे लोक इथेच घसरतात. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 2006 मध्ये, त्याच कॅलिफोर्नियात मालिबूला अजून एक लाल एन्झो ठोकली होती, ती मात्र चालत्या पब्लिक रोडवर, भयंकर स्पीडला, खांबाला आपटून गाडीचे सरळ दोन तुकडे. आणि तिथे सापडलेला माणूस पोलिसांना सांगत होता की गाडी मी नाही, डिट्रिश नावाचा कोणीतरी चालवत होता आणि तो डोंगरात पळून गेला!! आता या दोन गाड्यांचे फोटो फिरत फिरत एकमेकांत मिसळतात, मग ग्रिफिनला शिव्या पडतात की बाबा रस्त्यावर लोकांच्या जिवाशी खेळला, आणि तो बिचारा तर बंद ट्रॅकवर होता. जगात एन्झो बनल्याच 400, त्यातली शेवटची पोपला दिली आणि तिच्या लिलावाचे पैसे मदतकार्याला गेले, म्हणजे एवढ्या कमी गाड्या असून लोक त्यातल्या दोन एक करून टाकतात, तर आपल्याकडे पांढरी क्रेटा कोणाची होती हे कोण सांगणार.

मग ट्रॅक की रोड आणि कोणाला लागलं का. हसायचं की नाही याचं उत्तर इथेच मिळतं. बंद ट्रॅक, कोणी जखमी नाही, आणि स्वतः ठोकणारा हसतोय, तर हसा बिनधास्त, त्यात पाप नाही. पण तोच प्रकार रात्री 11 ला इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर, रील काढताना, शेजारून कोणी ड्युटीवरून घरी जातोय, तर तिथे गाडी कुठली आणि किती कोटीची हा विषयच नाही राहत. लोक दोन्हीकडे एकच इमोजी टाकतात ते मला पटत नाही.

आता स्टंट होता की नाही. यावर तासभर भांडता येतं आणि भांडावंच, फक्त मुद्द्याने. स्टंट म्हणणाऱ्यांकडे वजनदार गोष्टी आहेत, उगाच नाही म्हणत ते. फिल्म रिलीज होणार होती 13 एप्रिलला, ठोकली 26 मार्चला, कॅमेरे चालू, आणि रेसिंगच्या फिल्मला याहून भारी फुकटची जाहिरात कुठली. त्याहून मोठं म्हणजे याच सादेकने याच फिल्मसाठी स्वतःची पोर्श कॅरेरा जीटी मुद्दाम फोडली होती, शूटिंगमध्ये, खरीखुरी. म्हणजे कोणी असं करतच नाही हा बचाव इथे चालत नाही, हा माणूस करत होता.

तरी मला तो ऍक्सिडेंटच वाटतो. मुद्दाम गाडी फोडायची असली की आत स्टंट ड्रायव्हर बसवतात, फिल्ममधल्या नावाजलेल्या ऍक्टरला रिलीजच्या तोंडावर भिंतीवर नाही पाठवत, त्याचा हात मोडला तर इंटरव्ह्यू कोण देणार? आणि फोडायचीच तर शूटिंगमध्ये फोडली असती, जसं पोर्शचं केलं, प्रॅक्टिसमध्ये कशाला. एक आर्ग्युमेंट मात्र वापरू नका, की फिल्म आपटली म्हणून स्टंट नव्हता. फिल्म आपटली हे खरं, पण स्टंट करूनही फिल्म आपटते, त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि अजून एक, ऍक्सिडेंट खरा असणं आणि नंतर प्रमोशनवाल्यांनी तो जोरात वापरणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बहुतेक वेळा तसंच असतं. आपल्याला मात्र एकच पाहिजे असतं, एकतर सगळं नाटक नाहीतर सगळं नशीब.

आता येऊ इन्शुरन्सवाल्या मित्राकडे, याला मी सगळ्यात जास्त वेळ देते कारण याची चूक उद्या आपल्या खिशातून जाऊ शकते. अमेरिकेतल्या त्या पॉलिसीत काय होतं ते सोडा, आपल्याकडची प्रायव्हेट कारची पॉलिसी काढा आणि त्यात ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ लिहिलेला भाग वाचा, बारीक अक्षरात असतो पण असतो. त्यात स्पष्ट असतं की भाड्याने चालवणं, ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, यासाठी गाडी वापरली तर हे कव्हर नाही. म्हणजे इकडे कोणी प्रमोशनल रेसच्या प्रॅक्टिसला साधी पॉलिसी असलेली गाडी नेऊन ठोकली तर इन्शुरन्स देईल हे वाक्य तिथेच संपतं. अशा इव्हेंटला वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते घेतलं होतं का हा खरा प्रश्न असतो, जो पोह्यावर कोणी विचारत नाही.

उलटी बाजू पण आहे. साध्या वापरात गाडी दुसऱ्याने चालवली म्हणून क्लेम बुडतो असा एक समज आपल्या काका-मामा लोकांमध्ये घट्ट बसलाय, तो चूक आहे. पॉलिसी गाडीची असते, चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असेल आणि मालकाची परवानगी असेल तर मावसभावाने ठोकलेल्या गाडीचा क्लेम होतो. फक्त होतो म्हणजे फुकटात होतो असं नाही. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाते, जी वर्षानुवर्षं सांभाळून 50 टक्क्यांपर्यंत पोचलेली असते, आणि झीरो डेप (घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर) नसेल तर प्लास्टिक-रबरच्या पार्ट्सचे अर्धे पैसे मालकाच्या माथी. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात, आणि आयडीव्ही म्हणजे शोरूममधली किंमत नव्हे, पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, जी दरवर्षी खाली येते. पॉलिसीतला 15 लाखांचा जो कंपल्सरी पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो ना, तो फक्त मालकापुरता, गाडी मागून नेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. हे माहीतच नसतं कोणाला.

आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात किल्ली दिली तर दंड दोघांना. चालवणाऱ्याला वेगळा आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम 180 खाली देणाऱ्याला वेगळा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 दंड किंवा दोन्ही. तेव्हा ‘बिचारा मालक’ म्हणायच्या आधी बिचाऱ्याने किल्ली कोणाला दिली ते बघा. सादेकबद्दल माझं मत थोडं असंच आहे, गाडीसाठी वाईट वाटतं, पण कॉमेडियनला 660 हॉर्सपॉवर देऊन रेस लाव म्हणणारा पण तोच.

राहिला चौथा, मी असतो तर काढली असती. याला वाद घालून पटत नाही, याला फक्त आकडे सांगा. एन्झोला सहा लिटरचा व्ही12, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, तेही सीटच्या मागे, ताकद सगळी मागच्या चाकांना, वजन दीड टनाच्याही आत, शंभरचा स्पीड साडेतीन-पावणेचार सेकंदात. क्लच पेडल नाही, गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलने. ब्रेक कार्बन सिरॅमिकचे, असले ब्रेक गरम झाल्यावर जबरदस्त धरतात पण थंड असताना पहिल्या एक-दोन दाबांना अंदाज चुकतो, टायरचं पण तेच. आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरायला बघते, म्हणजे साध्या गाडीत जे करून आपण वाचतो तेच इथे अंगाशी येतं. ग्रिफिनचं नेमकं काय झालं ते व्हिडिओवरून ठरवायच्या भानगडीत पडू नका, वळणावर गाडी हातातून गेली एवढं दिसतं तेवढंच म्हणा.

एवढ्यावरही ऐकत नसेल तर पिथमपूरचं नाव घ्या. आपल्या शेजारीच नॅट्रॅक्स आहे, 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, 2021 ला सुरू झाला, तिथे कंपन्या गाड्या टेस्ट करतात आणि चालवणारी माणसं ट्रेनिंग घेतलेली असतात. बायपासवर मोकळा रस्ता मिळाला म्हणून 140 मारलेली स्विफ्ट आणि हे, यात काही नातं नाही. तसं भारी गाड्यांचं वेड आपल्या गावाला नवीन नाही, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकरांनी (दुसरे) 1930 च्या दशकातच ड्यूझेनबर्ग ही अमेरिकन गाडी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिची बॉडी बनवून घेतली होती, लोकमान्य नगरात आजही कोणी ना कोणी हा विषय काढतोच काढतो. पण वेड असणं वेगळं आणि वळण काढता येणं वेगळं.

बरं आता कामाचं. लग्नाच्या सीझनमध्ये हे सगळं घरात येतं, फेरारी नाही पण भाऊजींची नवी फॉर्च्युनर येते आणि भाचा म्हणतो मामा फक्त छप्पन दुकानपर्यंत, एक रील काढून आणतो. नाही म्हणणं जमत नसेल तर निदान एवढं करा, लायसन्स मोबाईलवर नाही म्हणाला तर तिथेच विषय बंद, पॉलिसीची तारीख डिजिलॉकरमध्ये बघून घ्या, निघायच्या आधी चारी बाजूंचा व्हिडिओ काढा (लाजू नका, सेल्फ ड्राइव्हवाले पण काढतात), आणि सगळ्यात महत्त्वाचं, घासली तर पैसे कोण देणार हे किल्ली हातात असतानाच बोला, चार लोकांसमोर बोला. नंतर बोललं की नातं पण जातं आणि बंपर पण. मागणारे तुम्ही असाल तर याच गोष्टी स्वतःहून काढा, भाऊजी खूश होतील, कदाचित गाडी पण देतील. आणि रील काढायची तर गाडी उभी करून काढा, मागे राजवाडा येतो, छान दिसतं.