तीनशे पीडीएफ आणि एक कॅल्विन

मी खानापूरचा, कॉलेज बेळगावात, घर आजोबांपासून मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीच्या पंथातलं. रिफॉर्म्ड, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकाच्या परंपरेतली पुस्तकं मोबाईलवर जमवायला लागलो तेव्हा काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "वेस्लीच्या मंडळीतला तू, कॅल्विन कशाला वाचायलास रे?" काकांचा मुद्दा बरोबरच, निवडीच्या शिकवणीवर, म्हणजे कुणाचं तारण व्हायचं हे देवानंच आधी ठरवलंय का यावर, दोघांचं पटत नाही. पण आपल्याकडं हे अगदीच परकं नाही बघा. बेळगावात १८२० ला आले ते लंडन मिशनरी सोसायटीवाले, मेथडिस्टांकडं काम गेलं १९०४ ला, आणि निपाणी ओलांडून कोल्हापूरला गेलं की तिथं अमेरिकन प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतले. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तर १८३१ ला बेळगावातच जन्मले.

तर नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी माझी चूक आधी सांगतो. ग्रुपवर जे येईल ते डाऊनलोड, असं करत तीनशेच्या वर पीडीएफ झाल्या, त्यात कॅल्विनचं मुख्य पुस्तक 'इन्स्टिट्यूट्स' तीनदा. एकदा तरुण संघात त्यातला उतारा वाचून दाखवला, एका ज्येष्ठांनी त्यांच्या पुस्तकात तोच अध्याय काढला तर तिथं भलतंच काहीतरी, आणि मी बसलो की घाम पुसत. नंतर कळलं की माझी फाईल १५३६ च्या पहिल्या आवृत्तीची, तिच्यात सहाच अध्याय, आणि सगळे जिचा दाखला देतात ती १५५९ ची, चार भाग, ऐंशी अध्याय. तेव्हापासून फाईल उघडली की आधी आवृत्ती आणि भाषांतरकार बघतो, कव्हर नंतर. बेव्हरिजचं इंग्रजी भाषांतर १८४५ चं, कॉपीराइट संपलेलं, फुकट मिळतं, वाक्यं लांबलचक पण सवय होते. बॅटल्सचं १९६० चं, वाचायला सोपं, टिपा भरपूर, पण ते विकत घ्यायचं, ग्रुपवर फिरणारी कॉपी घ्यायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'रिफॉर्म्ड' हा शिक्का. कव्हरवर तो असला म्हणून आतलं सगळं एकसारखं नसतं. मी एक युक्ती करतो, कुठलंही नवीन पुस्तक आलं की लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा का, हे आत शोधायचं. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा ७४ वा प्रश्न, वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा २८ वा अध्याय (दोन्ही रिफॉर्म्ड मंडळ्यांचे जुने दस्तऐवज), कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स'चा चौथा भाग अध्याय १६, तिन्हीकडं उत्तर होय. १६८९ च्या बॅप्टिस्ट विश्वासांगीकारात नाही, तिथं स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा, आणि तरी ती मंडळीही स्वतःला रिफॉर्म्ड म्हणवतात. पुस्तक फेकून द्यायचं नाही, फक्त वेगळ्या फोल्डरात टाकायचं, नाहीतर सहा महिन्यांनी आपलंच डोकं गरगरतं. (आमच्या घरी सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय, त्यामुळं हा विषय निघाला की आईपण बोलते.)

तसंच तारणाबद्दलचे 'कॅल्विनवादाचे पाच मुद्दे' म्हणजेच कॅल्विन असं धरून चालणारी पुस्तकं मी मागं ठेवतो. ते पाच मुद्दे नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेत, १६१८-१९ ला, निवडीची ती शिकवण न पटलेल्या आर्मिनियसच्या अनुयायांना उत्तर देताना ठरले, तोवर कॅल्विन जाऊन पन्नासेक वर्षं झालेली. खुद्द कॅल्विननं निवडीचा विषय तिसऱ्या भागात २१ व्या अध्यायात घेतलाय आणि त्याच्या आधीचा अख्खा अध्याय प्रार्थनेवर. हे काकांना दाखवलं तर म्हणाले, अक्षर मोठं कर, वाचू दे.

स्कॅनचं थोडक्यात. अमेरिकन धर्मपंडित चार्ल्स हॉजच्या 'सिस्टमॅटिक थिऑलॉजी'चे तीन खंड उतरवले, आत 'करार'वाला इंग्रजी शब्द सर्च केला तर एकही सापडेना, म्हणजे पानांचे नुसते फोटो. आणि फोटोतून टेक्स्ट काढलेलं असलं तर ग्रीक-हिब्रू अक्षरांची रांगोळी झालेली असते. टेक्स्ट नीट असलेली ईपब (ई-बुकची फाईल) मिळाली की तीच ठेवा, पावसाळ्यात आमच्याकडं लाईट आणि रेंज दोन्ही जातात म्हणून सगळं मेमरी कार्डवर, आणि फाईलचं नाव लेखक, पुस्तक, भाषांतरकार, वर्ष असं.

पहिलं पुस्तक कुठलं असं विचाराल तर हायडेलबर्ग, १५६३ चं, १२९ प्रश्न ५२ रविवारांत वाटलेले, वर्षभर पुरतं. लुई बर्कहॉफचं रिफॉर्म्ड सिद्धांतांवरचं पुस्तक त्यानंतर. तीनशेतल्या माझ्याकडं आता चाळीसेक उरल्यात. बॅटल्स अजून घेतलेलं नाही, नाताळला हातात पैसे आले की बघू.