घरच्या काट्यावर मोटारीच्या प्रत्येक चाकाचा भार कसा मोजावा

जिनिंगजवळच्या मोठ्या वजनकाट्यावर मोटारीचे एकूण वजन कळते, आणि फक्त पुढची चाके वर घेतली तर पुढच्या-मागच्या भाराची विभागणीही कळते. प्रत्येक चाकावर स्वतंत्रपणे किती भार आहे हे मात्र त्यावरून निघत नाही. गाडी डाव्या वळणावर एका तऱ्हेने आणि उजव्या वळणावर दुसऱ्या तऱ्हेने वागत असेल, तर नेमके तेच पाहावे लागते.

माणसांच्या वजनाचा घरगुती डिजिटल काटा साधारणतः 150 ते 180 किलोंपर्यंत मोजतो, तर लहान मोटारीच्याही पुढच्या चाकावर अडीचशे किलोंच्या आसपास भार असतो. म्हणून तरफ करावी. वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचे तीन चौरस लोखंडी पाइप शेजारी-शेजारी जोडून घ्यावेत आणि त्यांच्या खालच्या अंगाला बरोबर 120 सेंटीमीटर अंतरावर दोन गोल सळया आडव्या बसवाव्यात. एक सळई मजबूत लाकडी ठोकळ्यावर आणि दुसरी काट्याच्या मध्यावर ठेवलेल्या फळीवर टेकवावी. चाकाचा मध्य ठोकळ्याकडच्या सळईपासून 40 सेंटीमीटरवर आला की काट्यावर भाराचा तिसरा हिस्सा येतो. रिकाम्या तरफेचा आकडा वजा करून उरलेल्याला तिनाने गुणावे. चाक एक सेंटीमीटर सरकले तरी अडीच टक्क्यांची चूक होते, त्यामुळे हबच्या मध्यातून ओळंबा सोडूनच जागा ठरवावी.

खरी मेहनत जमीन सपाट करण्यात आहे. आपल्याकडच्या अंगणांना मोरीकडे ढाळ असतो, आणि एका चाकाखाली सेंटीमीटरभर फरक राहिला तरी भार काही किलोंनी इकडचा तिकडे होतो. गवंड्याची पाणीनळी आणून, उरलेल्या तीन चाकांखाली फळ्या घालून चारही चाके एका पातळीत आणावीत.

काम सकाळीच करावे, कारण खान्देशातल्या उन्हात दुपारी टायरमधली हवा वाढते. चारही टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावी, आणि चालकाच्या वजनाइतके दादर ज्वारीचे पोते त्याच काट्यावर मोजून चालकाच्या आसनावर ठेवावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि दुसऱ्या ॲक्सलच्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा अडसर) लावलेली असावी. गाडी जॅकवर असताना कोणीही तिच्याखाली हात घालू नये. जॅक उतरवल्यावर टायर आखडून राहतात, म्हणून बंपर हलकेच दोन-तीनदा दाबावा, मग आकडा घ्यावा. प्रत्येक चाकाची मोजणी तीनदा करावी.

माझ्या गाडीचे आकडे असे आले: पुढचे उजवे 270, पुढचे डावे 246, मागचे उजवे 162 आणि मागचे डावे 189 किलो. डावी बाजू 435, उजवी 432, म्हणजे बाजूंची बेरीज पाहता सारे ठीक वाटते. पण पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून 459 होतात, म्हणजे 867 किलोंपैकी सुमारे 53 टक्के. हे प्रमाण 50 च्या जवळ हवे. मागच्या उजव्या कोपऱ्याची स्प्रिंग बसली की त्या चाकावरचा आणि त्याच्या तिरप्या समोरच्या चाकावरचा भार कमी होतो. स्प्रिंगा काढून शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तेव्हा उजवी जवळजवळ दोन सेंटीमीटर आखूड भरली. जोडीने बदलल्यावर प्रमाण 50.4 टक्क्यांवर आले.