मल्टिमीटर सॉकेटमध्ये घालण्याआधी लाल पिन बघा

रबरी चप्पल घाला, हात कोरडे ठेवा, हे सगळेच सांगतात. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, हातात फुटतो तो मात्र वेगळ्याच कारणाने.

मीटरच्या वायरी आधी बघून घ्या. चिरलेली असेल तर टेप गुंडाळत बसू नका, नवीन जोडी आणा. मीटरवर सुरक्षेचा दर्जा छापलेला असतो; सॉकेटसाठी 'कॅट २' आणि मेन बोर्डासाठी 'कॅट ३' हवं.

आता लाल पिन, म्हणजे लाल वायरचं मीटरमध्ये खोचायचं टोक. काळी कायम 'कॉम'मध्येच राहते, लालला मात्र दोन-तीन भोकं असतात. '१० ए' हे करंटचं. त्याच्या मागे जाड तारेचा तुकडा असतो, रोध जवळपास शून्य. लाल पिन तिथे असताना प्रोब (वायरींची दुसरी, टोकदार टोकं) सॉकेटमध्ये घातले की फेज-न्यूट्रल सरळ शॉर्ट. नॉब व्होल्टवर असला तरी बहुतेक मीटरमध्ये काही फरक पडत नाही. स्वस्त पिवळ्या मीटरांत तर या भोकाला फ्यूजही नसतो.

मी हे करून बसलोय. दुपारी स्कूटरच्या बॅटरीचा करंट मोजला आणि संध्याकाळी तोच मीटर घेऊन शेजारच्या काकूंच्या मिक्सरचं सॉकेट बघायला गेलो. फाट्‌कन आवाज, एमसीबी पडला, प्रोबचं टोक वितळून त्याचा मणी झाला. काकू म्हणाल्या, "अरे, मिक्सरच बिघडला होता, तू सॉकेटपण घालवलंस!" तेव्हापासून '१० ए'च्या भोकावर चिकटपट्टी लावलीय. करंट मोजायचा तर ती मुद्दाम सोलावी लागते आणि मोजून झाल्यावर, प्रोब खाली ठेवायच्या आधी, लाल पिन परत व्होल्टमध्ये.

नॉब एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या रेंजवर. चालू सॉकेटमध्ये ओहम (रोध मोजायचं) किंवा बीप (तार जोडलेली आहे का बघायचं) सेटिंग कधीच लावू नका.

लाइन बंद आहे हे तपासताना एकच मोजमाप पुरत नाही. आधी चालू सॉकेटवर मीटर २३०च्या आसपास दाखवतो का बघा, मग बंद केलेली लाइन, मग पुन्हा चालू सॉकेट. बिघडलेला मीटरही शून्य दाखवू शकतो! घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही काही पॉइंट जिवंत राहतात.

काळा प्रोब आधी लावा, लाल नंतर. काढताना उलट. जमेल तिथे दुसरा हात खिशात. फेज-न्यूट्रल २३०, पण फेज-अर्थ काहीच नाही? मग त्या सॉकेटला अर्थिंग नाही. गीझर तिथे लावू नका, वायरमनला बोलवा.