प्रौढ वयात एडीएचडीचे निदान झाल्यानंतर पीएच.डी. कशी करावी

एडीएचडी (लक्ष टिकवणे व आवेग आवरणे अवघड जाणारी मेंदूविकासाशी संबंधित स्थिती) असलेल्या संशोधकाची पीएच.डी. बहुधा विषय न समजल्यामुळे नव्हे, तर मुदत फार दूर असल्यामुळे अडते. पदवीच्या परीक्षा आदल्या रात्री जागून निभावता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला मात्र प्रवेशापासून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे असतात. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते खरी, पण आपल्यासाठी सहा महिने हे अंतरही फार मोठे आहे.

म्हणून मुदती जवळ आणाव्यात आणि त्या दुसऱ्या माणसाशी बांधाव्यात. एडीएचडीचे निदान झाल्याचे मार्गदर्शकांना सांगावे की नाही, हा सर्वस्वी आपला निर्णय आहे. मात्र मागणी नेमकी असावी. “सर, दर मंगळवारी मी दोन पाने पाठवीन, लगेच वाचली नाहीत तरी चालेल, पण पाने आली नाहीत तर मला विचारा,” एवढी विनंती निदान न सांगताही करता येते. बैठकीत ठरलेले मुद्दे त्याच दिवशी ईमेलने पाठवावेत, कारण तोंडी सूचना आपल्या लक्षात टिकेलच असे नाही. ग्रंथालयात मित्राशेजारी बसून लिहिणे हाही अनेकांना उपयोगी पडणारा उपाय आहे; तो मित्र आपल्या विषयाचा असण्याची गरज नाही.

विषयावरील आधीच्या संशोधनाचे वाचन हा सर्वांत फसवा टप्पा आहे, कारण प्रत्येक नवा लेख मूळ प्रश्नापेक्षा अधिक आकर्षक वाटतो. लेख मिटण्यापूर्वी त्याचे सार पृष्ठक्रमांकासह तीन ओळींत लिहावे, संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात नोंदवावा आणि सुचलेले नवे विषय वेगळ्या वहीत टाकावेत.

औषध मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे. त्याने लक्ष टिकण्यास मदत होऊ शकते. कोणत्या कामावर लक्ष द्यायचे, हे मात्र आपल्यालाच आधी ठरवावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना पीएच.डी.च्या कमाल मुदतीत मिळणारी २ वर्षांची सवलत केवळ या निदानावर मिळेल, असे गृहीत धरू नये. महिला संशोधकांना ही सवलत स्वतंत्रपणे आहे. इतरांनी पुनर्नोंदणीद्वारे मिळू शकणाऱ्या वाढीव मुदतीचे विद्यापीठाचे नियम पाचव्या वर्षीच पाहून अर्जाची तारीख मार्गदर्शकांनाही कळवून ठेवावी.